विश्लेषण : कैद्यांच्या अर्जांवरून अख्ख्या राज्याचे तुरुंग न्यायालयाच्या हुकमाखाली कसे आले? अलाबामाचे न्या. फ्रँक जॉन्सन कोण होते?

चार फूट रुंद आणि आठ फूट लांब खोली. आत पलंग नाही, दिवा नाही, नळ नाही. जमिनीला एक भोक, तेच शौचालय. त्यात पाणी सोडण्याची सोय खोलीबाहेर, म्हणजे पहारेकऱ्याच्या मर्जीवर. अशा एका खोलीत कधी कधी सहा-सहा माणसे कोंबलेली. दिवसातून एक जेवण, तेही अनेकदा चमच्याशिवाय. अंघोळ अकरा दिवसांतून एकदा.

अमेरिकेचा माणूस चंद्रावर उतरून सहा वर्षे झाली होती, तेव्हा, म्हणजे १९७५ साली, अलाबामा राज्यातल्या ड्रेपर तुरुंगात ही खोली वापरात होती. तिला सगळे ‘डॉगहाउस’ म्हणत. ती बंद झाली एका न्यायाधीशाच्या आदेशाने. त्या न्यायाधीशापुढे प्रकरण आले ते कैद्यांनी पाठवलेल्या अर्जांमुळे. त्यांतला एक तर हाताने लिहिलेला होता. कैद्यांनी तुरुंगातील परिस्थितीविरुद्ध लढवलेल्या खटल्यांच्या इतिहासात न्या. फ्रँक एम. जॉन्सन (धाकटे) यांचे नाव वारंवार येते, ते याच प्रकरणामुळे.

कोण होते फ्रँक जॉन्सन?

जन्म ३० ऑक्टोबर १९१८चा, उत्तर अलाबामातील विन्स्टन परगण्यातला. हा परगणा समजून घेतल्याशिवाय माणूस समजत नाही. डोंगराळ मुलूख, लहान शेतकरी, कापसाचे मोठे मळे नाहीत आणि म्हणून गुलामही अगदी थोडे. १८६१ मध्ये अलाबामा अमेरिकेतून फुटून निघाले, तेव्हा मळेवाल्यांच्या लढाईत आपण का मरायचे, असा सवाल या लोकांनी केला. विन्स्टन हे ‘स्वतंत्र राज्य’ असल्याची दंतकथा तिथे आजही अभिमानाने सांगितली जाते. सारा दक्षिण भाग डेमोक्रॅटिक पक्षाचा असताना इथले लोक अब्राहम लिंकन यांच्या रिपब्लिकन पक्षाचे राहिले. जॉन्सन यांचे वडीलही रिपब्लिकन. गर्दीच्या विरुद्ध उभे राहणे या घराला नवे नव्हते.

१९४३ मध्ये त्यांनी अलाबामा विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली. त्यानंतर दुसरे महायुद्ध. नॉर्मंडीच्या लढाईत पायदळात असताना ते जखमी झाले आणि पदके घेऊन परतले. जॅस्पर गावात वकिली केली. १९५३ मध्ये आयझेनहॉवर सरकारने त्यांना सरकारी वकील नेमले. त्या काळात त्यांनी काळ्या मजुरांना कर्जाच्या नावाखाली वेठीला धरणाऱ्या एका गोऱ्या कुटुंबातील माणसांवर खटला चालवून शिक्षा मिळवली. अलाबामात गोऱ्या पंचांकडून असा निकाल मिळवणे ही तेव्हा सोपी गोष्ट नव्हती.

१९५५च्या अखेरीस, वयाच्या ३७व्या वर्षी, ते माँटगोमेरीत फेडरल जिल्हा न्यायाधीश झाले. खुर्चीत बसून महिना-दीड महिना होतो न होतो तोच, १ डिसेंबरला त्याच शहरात रोझा पार्क्स यांनी बसमधली जागा सोडायला नकार दिला.

सामाजिक बहिष्कार की न्याय?

बसमधील वर्णभेदाचा खटला (ब्राउडर विरुद्ध गेल) तीन न्यायाधीशांपुढे चालला. ५ जून १९५६ रोजी दोन विरुद्ध एक असा निकाल लागला आणि बसमधील सक्तीचे विभाजन घटनाबाह्य ठरले. बहुमतात होते रिचर्ड राइव्ह्ज आणि नवखे जॉन्सन. राइव्ह्ज यांच्या दिवंगत मुलाच्या कबरीची विटंबना झाली. जॉन्सन यांच्या घरासमोर क्लॅनच्या लोकांनी क्रूस पेटवला. एप्रिल १९६७ मध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब फेकला गेला. लक्ष्य मुलगाच होता, असे सर्वांनी मानले. आई सुखरूप राहिल्या. घरावर अनेक वर्षे मार्शलांचा पहारा होता.

शहरातील प्रतिष्ठित गोऱ्या समाजाने या कुटुंबाला हळूहळू वगळले. जॉन्सन यांनी त्याबद्दल फार तक्रार केल्याचे दिसत नाही. तंबाखू चघळायची, मासे धरायला जायचे, सुतारकामाच्या हत्यारांनी उंच लंबकाची घड्याळे बनवायची, असा त्यांचा विरंगुळा होता.

१९६५ मध्ये सेल्मा येथे पोलिसांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्या मोर्चेकऱ्यांना झोडपून काढले. जॉन्सन यांनी आधी मोर्चा तात्पुरता थांबवला (यावर मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी नाराज होते), मग साक्षी-पुरावे ऐकले आणि १७ मार्चला परवानगी दिली. झालेला अन्याय जितका मोठा, तितका निषेधाचा हक्कही मोठा, हे त्या निकालाचे सूत्र. त्याच मोर्चाच्या शेवटच्या दिवशी व्हायोला लिउझो या कार्यकर्त्या महिलेची हत्या झाली. त्या प्रकरणात क्लॅनच्या तिघांना दहा वर्षांची शिक्षा सुनावली गेली, तीही जॉन्सन यांच्याच न्यायालयात.

वॉलेस यांच्याशी वैर कसे जुळले?

जॉर्ज वॉलेस आणि जॉन्सन कायदा महाविद्यालयातले सोबती. दोघांची चांगली मैत्री होती. पुढे वॉलेस वर्णभेदाच्या राजकारणाचे देशातील सर्वात ओळखीचे तोंड झाले.

१९५९च्या जानेवारीत वॉलेस राज्यातील एक न्यायाधीश होते. मतदार नोंदणीचे दप्तर केंद्रीय नागरी हक्क आयोगाला द्यायला त्यांनी नकार दिला. जॉन्सन यांनी अवमानाबद्दल तुरुंगात टाकण्याची तंबी दिली. वॉलेस रात्री गुपचूप त्यांच्या घरी गेले आणि तडजोडीची भाषा केली. जॉन्सन बधले नाहीत. अखेर वॉलेस यांनी दप्तर आडमार्गाने ग्रँड ज्युरीकडे सोपवले आणि बाहेर येऊन केंद्राला नमवल्याचा डांगोरा पिटला. जॉन्सन यांनी त्यांना अवमानातून निर्दोष सोडले, पण आदेशात या माणसाने दप्तर लपूनछपून दिले आहे, हे नोंदवून ठेवले. राजकारण्याला तुरुंगापेक्षा हे जास्त झोंबले असावे. १९६२च्या गव्हर्नरपदाच्या प्रचारात वॉलेस यांनी जुन्या मित्रावर जाहीर सभांतून शिव्यांची लाखोली वाहिली आणि निवडणूक जिंकली.

कैदी न्यायालयात जाऊच कसे शकले?

इथे थोडा कायदा समजून घ्यावा लागेल. अमेरिकेत दीर्घकाळ न्यायालयांचे धोरण तुरुंगात हात न घालण्याचे होते. १८७१च्या व्हर्जिनियातील एका निकालाने तर कैद्याला राज्याचा गुलाम ठरवले होते. आत काय चालते, तो अधीक्षकाचा विषय, असेच मानले जाई. अलाबामात तर १९२८पर्यंत कैदी खाणमालकांना आणि कंत्राटदारांना भाड्याने दिले जात.

फट पडली ती १८७१ सालच्याच दुसऱ्या एका कागदामुळे. कु क्लक्स क्लॅनला आवर घालण्यासाठी केलेल्या कायद्यात एक कलम होते, आज ते ‘कलम १९८३’ म्हणून ओळखले जाते. राज्याच्या अधिकाऱ्याने घटनादत्त हक्क हिरावला, तर त्याच्यावर थेट फेडरल न्यायालयात दावा करता येतो, असे ते सांगते. नव्वद वर्षे ते जवळपास पडून होते. १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात जीव ओतला आणि १९६४ मध्ये ‘कूपर विरुद्ध पेट’ या प्रकरणात हे कलम कैद्यांनाही लागू असल्याचे मान्य केले. तो कैदी इलिनॉयमधला होता आणि त्याची मागणी धार्मिक पुस्तकांची होती.

याला जोड मिळाली घटनेच्या आठव्या दुरुस्तीची. क्रूर आणि असामान्य शिक्षा देण्यास ती मनाई करते. एखादी शिक्षा क्रूर आहे का, हा जुना प्रश्न. संपूर्ण तुरुंगच क्रूर शिक्षा ठरू शकतो का, हा नवा प्रश्न. अर्कान्सामध्ये १९७० साली न्या. हेन्ली यांनी त्याला होकार दिला होता, मिसिसिपीत १९७२ साली न्या. कीडी यांनी. पण या प्रश्नाचे सर्वात तपशीलवार उत्तर दिले जॉन्सन यांनी.

आपल्याकडेही तोवर एक मजेदार प्रकरण घडून गेले होते. मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध असलेले प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानविषयक मराठी पुस्तक लिहिले आणि ते छापायला बाहेर पाठवू द्या, अशी मागणी केली. सरकारने नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने आणि १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही संझगिरींच्या बाजूने कौल दिला. अणूचे पुस्तक लिहिल्याने देशाची सुरक्षा कशी धोक्यात येते, हे सरकारला पटवून देता आले नाही.

अलाबामाच्या तुरुंगांत काय सुरू होते?

पहिला धक्का आला आरोग्याच्या प्रकरणातून. १९७२च्या ऑक्टोबरमध्ये ‘न्यूमन विरुद्ध अलाबामा’ या खटल्यात जॉन्सन यांनी तुरुंगातील वैद्यकीय व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. पुराव्यात आलेल्या गोष्टी वाचताना आजही पोटात कालवते. प्रशिक्षण नसलेले कैदीच इतर कैद्यांवर उपचार करत, दात काढत, किरकोळ शस्त्रक्रियाही करत. हातपाय लुळे पडलेल्या एका रुग्णाच्या जखमांत अळ्या झाल्या होत्या आणि पट्टी बदलायला कोणी फिरकत नव्हते.

याच काळात जॉन्सन मनोरुग्णालयांचा खटलाही (वायट विरुद्ध स्टिकनी) चालवत होते. टस्कालूसाच्या ब्राइस रुग्णालयात सुमारे पाच हजार रुग्ण होते. कोंडून ठेवायचे तर उपचार दिलेच पाहिजेत, असा निर्णय त्यांनी दिला आणि किती रुग्णांमागे किती डॉक्टर, किती परिचारिका, हे आकड्यांत ठरवून दिले. हीच पद्धत पुढे तुरुंगांना लागली.

१९७४ मध्ये दोन वेगळे अर्ज आले. एक तुरुंगातच झालेल्या हल्ल्यात जबर जखमी झालेल्या कैद्याचा. आपले रक्षण करणे राज्याचे काम नाही का, असा त्याचा मुद्दा. दुसरा हस्ताक्षरातला, सुधारण्याची काहीच संधी मिळत नसल्याचा. जॉन्सन यांनी दोन्हींसाठी वकील नेमले, अर्ज सर्व कैद्यांच्या वतीने मानले आणि एकत्र सुनावणीला घेतले. अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनचे वकील आणि केंद्रीय न्याय खातेही न्यायालयाच्या मदतीला आले.

ऑगस्ट १९७५ मध्ये सुनावणी झाली. चार मोठ्या तुरुंगांची एकूण क्षमता होती सुमारे २,३००. प्रत्यक्षात फाउंटन तुरुंगात ६३२ जणांच्या जागी अकराशेहून अधिक माणसे होती, होल्मनमध्ये ५४० जणांच्या जागी साडेसातशेहून अधिक. ड्रेपरच्या एका भागात दोनशेहून अधिक माणसांना मिळून एक शौचालय. हजारो कैद्यांवर नजर ठेवायला किमान ६९२ पहारेकरी हवेत, असे खुद्द तुरुंग प्रशासन सांगत होते. हजर होते ३८३. रात्री झोपण्याच्या लांबच लांब दालनांत पहारेकरी पाऊल टाकत नसत, कारण त्यांनाच भीती वाटे. पहिल्यांदा आलेला कोवळा पोरगा आणि सराईत गुंड शेजारी-शेजारी झोपत. मारहाण, चाकूहल्ले, बलात्कार, खंडणी या रोजच्या गोष्टी. पहारेकरी जवळजवळ सगळे गोरे आणि खेड्यातले, कैद्यांत काळ्यांचे प्रमाण मोठे.

सार्वजनिक आरोग्याच्या एका अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले, की या इमारती आपल्या अखत्यारीत असत्या, तर माणसांच्या वस्तीस अयोग्य म्हणून आपण त्या बंद केल्या असत्या. कैद्यांची बाजू मांडून झाली आणि राज्याच्या वकिलांनी बचाव करण्याऐवजी घटनेचा भंग झाल्याचे मान्यच करून टाकले. अशी कबुली क्वचितच मिळते.

महिना संपायच्या आत जॉन्सन आणि मोबिल येथील न्या. ब्रेव्हार्ड हँड यांनी आदेश काढला : संख्या क्षमतेच्या आत येईपर्यंत नवा कैदी घ्यायचा नाही. मूळ निकाल मात्र यायचा होता. त्या वर्षीच जॉन्सन दांपत्याच्या एकुलत्या एक मुलाने आयुष्य संपवले. जॉन्सन कामावर परतले.

१३ जानेवारी १९७६चा निकाल काय होता?

‘प्यू विरुद्ध लॉक’ हे त्या निकालाचे नाव. त्यात तत्त्वज्ञान कमी आणि मोजमाप जास्त. प्रत्येक कोठडी किमान ६० चौरस फुटांची. १५ माणसांमागे एक शौचालय, २० जणांमागे एक शॉवर. तीन पौष्टिक जेवणे. साबण, दातघासणी यांसारख्या वस्तू. एकांतवासातही पलंग, दिवा, वाचनाचे साहित्य, व्यायामाची वेळ. पहारेकऱ्यांची संख्या वाढवायची, काळ्यांनाही भरती करायचे. अलाबामा विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञांनी प्रत्येक कैद्याची पाहणी करून त्याला कुठे ठेवायचे ते सांगायचे. त्या पाहणीत सर्वात कडक बंदोबस्ताची गरज असलेले कैदी फारच थोडे निघाले. अंमलबजावणीवर लक्ष ठेवायला ३९ नागरिकांची मानवी हक्क समिती.

पैसे नाहीत, ही राज्याची सबब त्यांनी साफ फेटाळली. राज्याला तुरुंग चालवायलाच पाहिजेत अशी घटनेची सक्ती नाही, पण चालवायचे तर घटनेच्या मर्यादेत चालवा, नाहीतर बंद करा, असा एकूण रोख होता.

वॉलेस पुन्हा गव्हर्नर होते. गुन्हेगारांचे लाड चालले आहेत, न्यायाधीशाला तुरुंगाचे हॉटेल करायचे आहे, या धर्तीवर टीकेची झोड उठली. मतदारांना ती आवडण्यासारखीच होती. कैद्यांना मत नसते आणि सहानुभूतीही सहसा मिळत नाही.

न्यायाधीशाने तुरुंग चालवायचा का?

ही टीका केवळ वॉलेस यांची नव्हती. किती चौरस फूट आणि किती शॉवर हे न्यायाधीशाने का ठरवायचे, असा गंभीर प्रश्न कायदेपंडितांनीही विचारला. त्यात तथ्य आहे. जॉन्सन यांचे उत्तर एका व्याख्यानात सापडते : अलाबामाचे नेते अवघड प्रश्न आला, की फुटबॉलमध्ये चेंडू लाथाडतात तसा तो फेडरल न्यायालयाकडे ढकलून देतात. निर्णय न्यायालयाने घ्यायचा आणि शिव्याही न्यायालयानेच खायच्या, म्हणजे नेते मोकळे.

या लेखकाला यात जॉन्सन यांची बाजू पटते, पण पूर्ण नाही. नव्या कैद्यांवर बंदी आली तेव्हा ती माणसे गेली कुठे? गावोगावच्या परगणा कोठड्यांत. तिथे ती महिनोन्महिने तुंबली. एका ठिकाणची गर्दी दुसऱ्या ठिकाणी सरकली, हे निकालाचे अपश्रेयही नोंदवायला हवे.

अपील न्यायालयाने १९७७ मध्ये निकालाचा गाभा कायम ठेवला, पण ३९ जणांची समिती बरखास्त केली. पुरेसे अन्न, वस्त्र, निवारा, स्वच्छता, उपचार आणि सुरक्षितता दिली, की आठव्या दुरुस्तीखालची राज्याची जबाबदारी संपते, सुधारण्याच्या संधी हा घटनात्मक हक्क नव्हे, असे त्या न्यायालयाचे म्हणणे. म्हणजे हस्ताक्षरात अर्ज करणाऱ्या त्या कैद्याची मूळ मागणी टिकली नाही.

१९७९च्या सुरुवातीला, राज्य आदेश पाळत नाही असे दिसल्यावर, जॉन्सन यांनी तुरुंगांवर रिसीव्हर नेमला. कोण? नवे गव्हर्नर फॉब जेम्स. तुमचेच तुरुंग, पण आता न्यायालयाच्या वतीने सांभाळा. ही युक्ती वॉलेस यांच्याबरोबर चालली नसती. पैसा मिळू लागला, नवे तुरुंग बांधले गेले. खटला अधिकृतपणे संपला १९८८च्या डिसेंबरमध्ये.

भारतापर्यंत धागा कसा पोहोचला?

अमेरिकेतील तुरुंगविषयक निकालांची ही लाट आपल्या सर्वोच्च न्यायालयातही वाचली जात होती. १९७८च्या ‘सुनील बत्रा विरुद्ध दिल्ली प्रशासन’ या तिहारच्या प्रकरणात न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी एकांतवास आणि बेड्यांचा विचार करताना अमेरिकी निकालांचा सविस्तर परामर्श घेतला. आपल्या घटनेत आठव्या दुरुस्तीसारखे कलम नाही, तरी १४, १९ आणि २१ या कलमांतून तेच संरक्षण काढता येते, अशी त्यांची मांडणी होती. पुढे बत्रा यांनीच दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल पाठवलेले पत्र न्यायालयाने याचिका म्हणून घेतले.

अखेरची वर्षे आणि नंतर

१९७७ मध्ये अध्यक्ष जिमी कार्टर यांनी जॉन्सन यांना एफबीआयचे प्रमुख नेमायचे ठरवले. वैद्यकीय तपासणीत महाधमनीला आलेला फुगवटा आढळला, शस्त्रक्रिया झाली, आणि प्रकृती साथ देईना म्हणून त्यांनी नाव मागे घेतले. १९७९ मध्ये ते अपील न्यायालयावर गेले. १९९५ मध्ये त्यांना अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मिळाला. माँटगोमेरीच्या न्यायालयाच्या इमारतीला हयातीतच त्यांचे नाव देण्यात आले. २३ जुलै १९९९ रोजी त्यांचे निधन झाले. वॉलेस त्याआधी दहा महिने गेले होते.

त्यांच्या डोळ्यांदेखत वारे उलटे फिरले होते. १९६६ मध्ये कैद्यांचे नागरी हक्कांचे दावे अवघे २१८ होते, १९९०च्या दशकाच्या मध्याला ते वर्षाला चाळीस हजारांच्या आसपास पोहोचले. त्यातले बरेच फुटकळ आहेत, असा प्रचार झाला. १९९६ मध्ये काँग्रेसने कायदा करून वाट अरुंद केली : आधी तुरुंगातील तक्रार यंत्रणेचे सगळे टप्पे पार करा, गरीब असलात तरी शुल्क हप्त्याने भरा, आणि न्यायालयाचे आदेश गरजेपुरतेच असावेत. जॉन्सन यांनी दिला तसा निकाल आज द्यायचा तर न्यायाधीशाला या कायद्याच्या प्रत्येक अटीला उत्तर द्यावे लागेल.

जॉन्सन अपील न्यायालयात गेल्यावर त्यांच्या रिकाम्या जागेवर १९८० मध्ये मायरन थॉम्पसन हे काळे न्यायाधीश आले. २०१७ मध्ये त्यांनी अलाबामाच्या तुरुंगांतील मानसिक आरोग्यसेवा घटनाबाह्य ठरवली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय न्याय खात्याने अलाबामा राज्यावरच दावा ठोकला. दाव्यातले आरोप : क्षमतेपेक्षा जास्त कैदी, कमी पहारेकरी, कैद्यांमधील हिंसाचार आणि बलात्कार.